झगमगाटाची सूचना तिकिटाच्या खिडकीवरच हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टी लागली की अंतराळातल्या लढायांचे आणि जादुई दुनियेचे भव्य चित्रपट लागतात आणि मुंबईच्या थिएटरांत चिल्लीपिल्ली गर्दी करतात. या चित्रपटांचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो यावर पुष्कळ लिहिले जाते. डोळ्यांवर आणि कानांवर काय होतो, ते मात्र राहून जाते.

विजांचे लोळ, लेझरचा मारा, यानांचे स्फोट अशा दृश्यांत पडदा सेकंदाला कितीतरी वेळा लखकन उजळतो आणि विझतो. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा होणारी ही उघडझाप प्रकाशाला संवेदनशील असलेल्या माणसाला फिट आणू शकते. फिटचा आजार असलेल्या शंभरांत तीन ते पाच जणांचीच ही तक्रार असते, पण मुलांत आणि किशोरवयात ती जास्त दिसते, आणि काहींना त्याआधी एकदाही फिट आलेली नसते. घरच्यांना कल्पना असणार कुठून? जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटाने ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले, त्यांत बहुतेक मुले होती. २०१८ मध्ये ‘इन्क्रेडिबल्स २’ लागला तेव्हा अमेरिकेतल्या थिएटरांच्या दारांवर झगमगाटाच्या सूचना लागल्या होत्या.

आपल्याकडे तंबाखूचा इशारा न चुकता दाखवला जातो. २०२४ पासून यूए ७+, १३+, १६+ अशा वयाच्या पायऱ्याही आल्या. पण त्या पाहून पालकांना झगमगाटाचा अंदाज येत नाही. काही चित्रपटांत सुरुवातीला झगमगाटाच्या इशाऱ्याची एक ओळ झळकते खरी, पण तोवर तिकीट काढलेले असते आणि पोर खुर्चीत बसलेले असते. ही ओळ तिकीटखिडकीवर आणि बुकिंगच्या अॅपवर, वयाच्या शिक्क्याशेजारीच हवी.

तोवर एवढे करा. पुढच्या रांगा टाळा. पडद्याने जितकी नजर व्यापते तितका धोका वाढतो. फिटची गोळी चुकली असेल किंवा रात्रीची झोप झाली नसेल, तर पहाटेचा पहिला शो नकोच. झगमगाट सुरू झाला की एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड वळवा. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापण्यांतूनही उजेड आत जातो. कुणाला फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, घड्याळ पाहा. कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

आवाजाचे दुखणे वेगळे, आणि ते बरेचसे थिएटरचेच आहे. प्रोजेक्शन रूममधल्या यंत्रावर फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची कळ, ७ वर असताना चाचणीच्या आवाजाला खुर्चीपाशी प्रत्येक मुख्य स्पीकरचे ८५ डेसिबल यावेत, असा मापदंड आहे. स्फोटाच्या क्षणी त्याच स्पीकरमधून १०५ पर्यंत आवाज निघू शकतो. आता होते काय, की संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. त्याचा उंच स्वरांचा भाग खराब झाला की बोलणे घोगरे, अस्पष्ट होते, प्रेक्षक ओरडतात, ऑपरेटर फेडर चढवतो, आणि पुढच्याच मारामारीत बाकीचे सगळे स्पीकर कानठळ्या बसवतात. दोष एका स्पीकरचा, शिक्षा सगळ्यांच्या कानांना. मीटर लावून एकेका स्पीकरची पातळी तपासणे हे सकाळच्या पहिल्या शोआधी होऊ शकणारे काम आहे. मोठा चित्रपट लागण्याच्या आदल्या दिवशी तरी ते व्हावे.

कानांना ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालत असेल तर ८८ चा चारच तास चालतो. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. चित्रपट सलग तेवढा मोठा नसतो हे खरे, पण मुलांचे कान मोठ्यांपेक्षा जपावे लागतात. भिंतीवरच्या स्पीकरखालची खुर्ची घेऊ नका, रांगेच्या मध्यावर बसा. कापसाचा बोळा फारसा कामाचा नाही. लहानग्यांना कान पूर्ण झाकणारे इअरमफ घाला. मोठ्यांनी फोमचे प्लग बारीक वळून, कान वर-मागे ओढून आत सरकवावेत आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावेत.

थ्रीडीबद्दल थोडेच. चष्म्यामुळे चित्र बरेच अंधारते, आणि मोठ्यांच्या मापाचा चष्मा मुलाच्या नाकावरून घसरला की चित्र दुहेरी दिसून डोके दुखते. एखाद्या मुलाला नीट चष्मा लावूनही चित्रातली खोली, म्हणजे काय पुढे आणि काय मागे, दिसतच नसेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. तिरळेपणा किंवा मंद डोळा लवकर सापडला तर उपचार सोपे जातात.

सेन्सॉर बोर्डाचे मुख्यालय मुंबईतच आहे. सूचनेचा मजकूर मंडळाने ठरवून द्यावा आणि येत्या मे महिन्याच्या सुट्टीआधी तो तिकीटखिडक्यांवर लागावा, ही विनंती.

— थिएटरांतील ध्वनी व प्रोजेक्शन तंत्रज्ञ, दादर