शेवंतीच्या नावाखाली दुसरंच रोप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पानावरचा हिवाळी फुलांचा लेख आवडला, फोटोही मस्त आलेत, पण एका फोटोखाली 'क्रिसॅन्थेमम कोरोनारियम, वर्षायू शेवंती' असं छापलंय त्याबद्दल लिहितोय, कारण हे बोटॅनिकल नाव आता जुनं झालंय आणि त्यापायी बागवाल्यांचा खूप गोंधळ होतो.

हे फूल मूळचं भूमध्य समुद्राच्या काठचं. ग्रीस, सिसिली, स्पेन, उत्तर आफ्रिका, तिथे वसंतात रस्त्याच्या कडेला आणि पडीक शेतात आपोआप उगवतं. सूर्यफुलाच्या कुळातलंच. एक प्रकार पूर्ण पिवळा आणि दुसरा त्याहून देखणा, पाकळी बाहेरून पांढरी आणि मध्याजवळ पिवळी, त्यामुळे फुलाच्या आत आणखी एक पिवळं फूल बसवल्यासारखं दिसतं. पानं बारीक कातरलेली. आपल्या शेवंतीचं पान रुंद असतं, हाताला जाडसर लागतं, दोन्ही पानं शेजारी ठेवली की लहान मूलही फरक सांगेल.

नावाचा घोळ असा झाला की वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये हे फूल आणि पिवळी शेवंती दोन्ही क्रिसॅन्थेमम या एकाच प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) टाकली, पुढे शास्त्रज्ञांनी ती प्रजाती फोडली आणि नियमाप्रमाणे मूळ नाव नमुना जातीकडे, म्हणजे प्रजातीची ओळख जिच्यावरून ठरते तिच्याकडे राहतं, आणि ती निघाली ही भूमध्यवाली, म्हणजे हार-गजऱ्यातली, जगभर विकली जाणारी शेवंतीच डेंड्रान्थेमा झाली. फुलांच्या धंद्यात याला फार विरोध झाला आणि शेवटी १९९९ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या वनस्पतीशास्त्र काँग्रेसमध्ये नमुना जात बदलून क्रिसॅन्थेमम इंडिकम ठरवली, शेवंतीला तिचं नाव परत मिळालं. ग्लेबिओनिस ही वेगळी प्रजाती कासिनी या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने १८२६ मध्येच मांडलेली होती, भूमध्यवालं फूल आता तिच्यात गेलं, म्हणून ते ग्लेबिओनिस कोरोनारिया.

कुणी म्हणेल की नावात काय एवढं, फूल फुलल्याशी मतलब. पण आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी पाकिटावर क्रिसॅन्थेमम आणि खाली शेवंती वाचून बी आणलं, छान फुललं, आणि उन्हाळा लागताच सगळी रोपं वाळून गेली. काकू महिनाभर पाणी घालत होत्या की बुंध्याशी फुटवे येतील, कारण शेवंती तशीच टिकते, फुटवे काढून पुढच्या वर्षी लावायचे. हे मात्र वर्षायू आहे, बी धरून मरणारच, दरवर्षी पावसाळा सरता सरता पुन्हा पेरायचं. पाकिटावर नीट लिहिलं असतं तर रोपं मरण्याआधी त्यांनी चार वाळलेली फुलं बियांसाठी राखली असती, आता तेही नाही.

दुसरं म्हणजे खाण्याचं. याची कोवळी पानं जपानमध्ये शुंगिकु म्हणून भाजीत खातात, चीनमध्येही खातात, आणि हल्ली आपल्याकडे रेसिपीचे व्हिडिओ बघून लोक काहीही करून बघतात. 'क्रिसॅन्थेममची पानं' एवढंच ऐकून कुणी फुलवाल्याकडची फवारणी केलेली शेवंती खुडून पॅनमध्ये टाकली तर? हे मला खरंच काळजीचं वाटतं.

म्हणून विनंती एवढीच की पुढच्या वेळी 'ग्लेबिओनिस कोरोनारिया' असं छापा आणि शेजारी 'जुनं नाव क्रिसॅन्थेमम कोरोनारियम' असंही द्या, म्हणजे जुनी पुस्तकं असलेल्यांनाही ओळख पटेल. बी विकणाऱ्यांनी पाकिटावर 'शेवंती' लिहिणं थांबवावं, निदान 'वर्षायू, फुटवे येत नाहीत' एवढी एक ओळ टाकावी. पुष्पप्रदर्शनं भरवणाऱ्यांनीही पाट्या लिहिताना हे बघावं, तिथून बघून लोक वहीत नावं उतरवून घेतात.

आपला,
एक बागप्रेमी वाचक, पुणे