सनद लिहिणारेही मतदारांनीच निवडावेत

संपादक महोदय,

आपल्या शहराचा कारभार कसा चालावा, हे शहरानेच कसे ठरवावे याचा चांगला नमुना अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात आहे. १९७२च्या कायद्याने तिथल्या गावांना आणि शहरांना स्वतःची सनद, म्हणजे कारभाराची मूळ नियमावली, लिहिता येते. मतदार एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो: अभ्यास आयोग नेमायचा का, आणि नेमला तर त्यावर कोण बसणार. सदस्य ७, ९ किंवा ११. आयोगच नको असा कौल आला, तर निवडून आलेल्या सदस्यांनाही काम उरत नाही! आयोग आधी ९ महिने चालू कारभार तपासतो, जाहीर सुनावण्या घेतो. सनद हवी असे ठरले तर मसुद्यासाठी आणखी ९ महिने मिळतात आणि शेवटी पुन्हा मतदान होते. ही सवड मला फार मोलाची वाटते. घाईघाईने काहीच उरकले जात नाही.

आपल्याकडे नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा देणारी ७४वी घटनादुरुस्ती होऊन तीन दशके उलटली. तरीही महापालिकेचा प्रभाग एकसदस्यीय की बहुसदस्यीय, हे मंत्रालयातून ठरते आणि सरकारागणिक बदलते. निदान एवढ्या एका प्रश्नावर तरी राज्य सरकारने शहरवासीयांचा कौल मतपेटीतून घ्यावा.

– एक वाचक, पुणे