पहिली यादी करताना

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

पुस्तकांच्या दुकानासाठी जागेचं नक्की झालं हे वाचून काळीज सुपाएवढं झालं. पहिल्या मागणीची यादी करायला बसली आहेस असं लिहिलंस, म्हणून लगेच लिहायला घेतलं.

या धंद्यात सगळ्यात जास्त जपायचं ते परतीच्या मालाला. बहुतेक धंद्यांत घेतलेला माल दुकानदाराच्या गळ्यात पडतो. पुस्तकं मात्र पुष्कळदा परतीच्या अटीवर मिळतात, म्हणजे न खपलेली परत पाठवता येतात. १९३० च्या दशकातल्या मंदीत दुकानदार माल उचलायला धजेनात, तेव्हा अमेरिकेतल्या प्रकाशकांनी ही सवलत दिली आणि ती तिथे कायमची रुजली. अट चांगलीच आहे, पण तिच्या जोरावर नवा दुकानदार हात सैल सोडतो. वीस प्रती पुरणार असतात तिथे पन्नास मागवतो. मग बिल भरायची तारीख आधी येते, परतीची नंतर, आणि तोवर पैसा फळीवर अडकून पडतो. परत पाठवायचं भाडं बहुधा आपल्याच माथी असतं. म्हणून प्रत्येक वितरकाकडून परतीची मुदत लेखी घे आणि कॅलेंडरवर लिहून ठेव. किमतीची चिठ्ठी चिकटवू नकोस. ती काढताना मुखपृष्ठाचा पापुद्रा निघतो आणि मग ती प्रत कोणी परत घेत नाही.

पण काय परत पाठवायचं, हे नुसत्या विक्रीच्या आकड्यांवर सोडू नकोस, हे मी तुला कळकळीने सांगते. काही पुस्तकं वर्षाला एकच खपतात, पण ती आहेत म्हणूनच चोखंदळ वाचक आपल्या दुकानात येतो. तो ते पुस्तक बघून हरखतो आणि घेऊन जातो दुसरंच. पुस्तक आल्याची तारीख शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिही, पुसता येईल अशी. झाडझूड करताना प्रत हातात घेतलीस की ती किती दिवस उभी आहे ते लगेच कळेल. वरच्या कडेवर धूळ बसली असेल तर तिला कोणी हात लावलेला नाही. अशी प्रत आधी जागेवरून हलव, तोंड पुढे करून मांड आणि काही आठवडे वाट बघ. नुसता कणा दिसत होता म्हणून न खपलेली कितीतरी पुस्तकं मुखपृष्ठ दिसताच गेलेली मी पाहिली आहेत. खिडकीतली मांडणी मात्र वरचेवर बदल. उन्हाने लाल-पिवळे रंग आधी उडतात.

मागणी नोंदवताना नाव नको, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक, जुळव. एकाच पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आणि साध्या बांधणीचे क्रमांक वेगळे असतात. २००७ पासून तो तेरा अंकी आहे. शेवटचा अंक पडताळणीचा, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर संगणक तिथेच अडवतो. २००७ च्या आधीच्या प्रतींवर दहाच अंक दिसतील, गोंधळू नकोस.

सवलतीच्या शर्यतीत उतरू नकोस. फ्रान्समध्ये १९८१ च्या कायद्याने नव्या पुस्तकावर ५ टक्क्यांहून जास्त सूट देता येत नाही, त्याने तिथल्या लहान दुकानांना मोठा आधार मिळाला. असा कायदा नसेल तिथे मोठ्यांशी किमतीत बरोबरी करायला गेलीस तर कमिशनमधून भाडंसुद्धा सुटणार नाही. आपण ओळखीवर विकायचं. ‘निळं मुखपृष्ठ होतं, आत एक बोट होती’ एवढंच सांगणारं गिऱ्हाईक आलं तर कंटाळू नकोस. त्याला ते पुस्तक शोधून दिलंस की पुढची सगळी पुस्तकं तो तुझ्याकडूनच घेईल.

मुलांची पुस्तकं खालच्या फळीवर ठेव, त्यांचे हात पोचतील अशी. मळतील काही, मळू देत.

यादी पक्की करण्याआधी मला पाठव. प्रतींचे आकडे पेन्सिलीनेच लिही, आपण दोघी बसून कमी करू. कवितेची फळी मात्र मी कमी करू देणार नाही.

तुझी,
आई