जुन्या मोटारसायकलचे हँडल: आधी माप, मग खरेदी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की पुण्यातल्या जुन्या बुलेट, जावा, येझदी, आरएक्स हंड्रेड पार्किंगच्या कोपऱ्यांतून बाहेर निघतात आणि रविवारी सकाळी सिंहगडाच्या वाटेवर किंवा दिवे घाटात दिसू लागतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांवर मूळ हँडल नसते. त्यात वावगे काही नाही. गाडी साठच्या दशकातली आणि चालवणाराही साठीतला असेल, तर शरीराला सोसेल असे हँडल बसवलेच पाहिजे. पण ते निवडले जाते फोटो पाहून, आणि महिनाभरात मनगट किंवा कंबर बोलू लागते. म्हणून हा पत्रप्रपंच.

दुखते कुठे, हे आधी पाहावे. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर भार येतो आहे. मुठी पुरेशा मागे वळलेल्या नाहीत, किंवा अंगाचे वजन हातांवर पडते आहे. अंगठा आणि त्यालगतची दोन बोटे बधिर होत असतील, तर मनगट वरच्या बाजूला मोडले जात आहे, आणि यात दोष बहुधा हँडलपेक्षा लिव्हरचा असतो. खांद्यांच्या पात्यांमध्ये दुखणे म्हणजे मुठी फार लांब किंवा फार रुंद. कंबर आणि माकडहाड मात्र उलट कारणाने दुखतात: पाठ अगदी ताठ असली की स्पीडब्रेकरचा प्रत्येक दणका सरळ मणक्यात जातो. कंबरदुखीवर उपाय म्हणून उंच हँडल घेणारे लोक दुखणे वाढवून घेतात ते यामुळेच. पाठ किंचित पुढे झुकलेली, कोपर थोडे वाकलेले आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत, ही ताशी साठ-सत्तर किलोमीटरने जाणाऱ्या जुन्या गाडीसाठी सर्वांत सुखाची बैठक.

पैसे खर्च करण्याआधी असलेलेच हँडल फिरवून पाहावे. क्लँपचे, म्हणजे हँडल मधोमध आवळून धरणाऱ्या पकडीचे, बोल्ट थोडे सैल करून हँडल पाच अंश वर फिरवले, आणि मूठ क्लँपपासून 20 सेंमी मागे असली, तर ती जवळजवळ 17 मिमी वर येते. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण मनगटाला एवढा फरक स्पष्ट कळतो. मग लिव्हर. दोन्ही लिव्हरचे क्लँप सैल करून, सीटवर नेहमीसारखे बसून, बोटे लिव्हरवर टेकवल्यावर मनगट सरळ राहील इतके त्यांना खाली किंवा वर करावे. बऱ्याच गाड्यांवर लिव्हर आडवे, जमिनीला समांतर लावलेले असतात. दिसायला छान, हाताला वाईट. एवढे करून आठवडाभर गाडी चालवावी. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तरी हँडल बदलायचेच असेल, तर चार मापे लागतात: मुठींच्या टोकांमधली रुंदी, क्लँपपासून मुठीची उंची, मुठी मागे किती आल्या ते अंतर, आणि मुठींचा कोन, म्हणजे त्या किती मागे वळल्या आणि किती खाली उतरल्या. दुकानात फक्त पहिल्या दोनांबद्दल बोलले जाते. सुख उरलेल्या दोनांत असते.

माप घेताना गाडी मेन स्टँडवर नको, चाकांवर हवी, कारण स्टँडवर बैठकीचा तोल बदलतो. एकाने पुढून गाडी धरावी, चालवणाऱ्याने दोन्ही पाय फुटरेस्टवर ठेवून, डोळे मिटून, खांदे सैल सोडून हात पुढे आणावेत आणि हवेत जिथे सहज थांबतील तिथे मुठी वळाव्यात. तिसऱ्याने टेप घेऊन हाताच्या या मुठी हँडलच्या सध्याच्या मुठींपासून किती वर, किती मागे, किती आत आहेत ते लिहावे. तीनदा करावे, पहिल्या वेळी माणूस हमखास पोक काढतो किंवा छाती पुढे करतो. मग जाड जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) तारेचा त्या मापाचा साचा वाकवून तो क्लँपमध्ये धरावा आणि पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. मूठ, लिव्हर आणि टाकी यांच्यामध्ये अंगठा सहज जाईल इतकी, साधारण 25 मिमी जागा राहिलीच पाहिजे. ती नसेल तर पहिल्याच यू-टर्नला बोटे टाकीवर चेंगरतात, आणि जुन्या टाकीला पडलेला पोचा काढणे नव्या हँडलपेक्षा महाग पडते.

रुंदीबद्दल एक स्थानिक सूचना. 80 सेंमीचे हँडल मोकळ्या रस्त्यावर हलके लागते, पण लक्ष्मी रस्त्यावर दोन रिक्षांमधून ते जात नाही. फार अरुंद घेतले तर कमी वेगात फोर्क जड लागतो आणि घाटातल्या वळणांवर खांदे भरून येतात. 70 ते 75 सेंमी बहुतेकांना मानवते. क्लिप-ऑन (फोर्कच्या नळ्यांवर थेट बसणारी दोन वेगळी हँडले) किंवा खाली झुकलेली क्लबमन हँडले गाडीला कॅफे रेसरचा, म्हणजे जुन्या शर्यतीच्या गाडीचा, तोरा देतात, पण फुटरेस्ट मूळ जागी, पुढे, राहिले तर अंगाचे वजन पायांवर न येता मनगटांवर येते. फुटरेस्ट मागे नेणार नसाल तर तो नाद सोडावा. उलट छातीपेक्षा उंच हँडलवर वारा अंगावर येतो आणि हात गाडी चालवण्याऐवजी शरीराला ओढून धरण्याचे काम करतात. खंबाटकीच्या पुढे सरळ रस्त्यावर अर्ध्या तासात ते समजते.

आता नळी. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांना सात-अष्टमांश इंच, म्हणजे 22.2 मिमी बाहेरील व्यासाचे हँडल लागते. एक इंची म्हणजे 25.4 मिमीचे हँडल हार्लेसारख्या गाड्यांचे. खरेदीला व्हर्नियर (मिलिमीटरचे दशांशही मोजणारी मोजपट्टी) खिशात असू द्यावा. स्वस्त हँडले कधी कधी नळकामाच्या अर्धा इंची जीआय पाइपातून वाकवलेली असतात, आणि त्या पाइपाचा बाहेरील व्यास 21.3 मिमी असतो. जेमतेम एक मिलिमीटर कमी, पण क्लँप त्याला धरू शकत नाही. मग मेकॅनिक डब्याच्या पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवतो, आणि जोरात ब्रेक लावताना अंगाचा भार पुढे आला की हँडल गर्रकन खाली फिरते. पट्टी हा इलाज नव्हे. नळी मापाची नसेल तर हँडल परत करावे.

जाडीही तपासावी. चांगल्या पोलादी हँडलची भिंत 2 मिमीच्या आसपास असते. टोक बंद असेल आणि व्हर्नियर आत जात नसेल, तर वजन करावे: 22.2 मिमी व्यासाची 2 मिमी जाड नळी मीटरला सुमारे 1 किलो भरते, दीड मिमी जाड असेल तर साधारण 770 ग्रॅम. सुती दोरी हँडलच्या वळणांवरून फिरवून एकूण लांबी काढली की बाकीचे गणित स्वयंपाकघरातला काटा सांगतो. सरळपणा पाहायला घरातला कडप्पा उत्तम: हँडल उलटे ठेवले की दोन्ही मुठी सारख्या टेकायला हव्यात आणि ते डुलता कामा नये. वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुती किंवा चपटेपणा असेल तर नळी तिथे कमजोर झाली, असे धरून चालावे.

लांबी वाढवायला हँडल कापून मध्ये तुकडा वेल्ड करणे, किंवा गॅसने तापवून वाकवणे, हे दोन्ही प्रकार अजून सर्रास चालतात. वेल्डच्या कडेची पोलादी नळी उष्णतेने बदलते, आणि इंजिनाच्या सततच्या हादऱ्यांनी चीर तिथूनच सुरू होते. तापवलेल्या भागावरचे क्रोम सुटते आणि पुढच्या पावसाळ्यात आत गंज धरतो. पडल्यावर वाकलेले हँडलही सरळ करून वापरू नये. अॅल्युमिनियमचे हँडल घेतले तर भिंत जाड आणि आतले भोक लहान असते, त्यामुळे हादरे कमी करायला पोलादी हँडलच्या टोकात घालतात ते वजन त्यात बसत नाही. शिवाय जुन्या क्लँपचे दाते त्याला खरवडतात, आणि प्रत्येक ओरखडा ही चिरेची सुरुवात असू शकते.

क्लँपजवळ भोक पाडायचे नाही, हा नियम पाळावा. स्विचला पिन असेल तर मुठीच्या बाजूला, लिव्हरच्या आसपासच भोक घ्यावे, आणि कडा कानशीने गुळगुळीत करावी. आतून वायर नेणार असाल तर त्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी कडी, हवेच. नाहीतर इन्सुलेशन घासून हॉर्न आपोआप वाजू लागतो.

जावाच्या मालकांनी जरा थांबून विचार करावा. जुन्या जावाच्या मुठीत आत सरकणारा तुकडा असतो आणि रेसची (अॅक्सिलरेटरची) केबल हँडलच्या नळीतूनच बाहेर येते; त्यासाठी नळीला खास खाच असते. बाजारातले साधे हँडल घेतले तर मूठ, केबल आणि कधी कधी लिव्हरही बदलावे लागतात. तेव्हा खाच असलेलेच हँडल शोधावे. नाना पेठेत नाही तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात मिळण्याची शक्यता असते. तिथे घेताना मात्र वर सांगितलेली तपासणी दुप्पट काळजीने करावी.

केबलींचा विषय सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत धोक्याचा. हँडल 5 सेंमी वर गेले की क्लच, ब्रेक आणि रेस या तिन्ही केबली तेवढ्याच कमी पडतात. मागे आले तर आणखी. दोरी लिव्हर किंवा रेसच्या मुठीपासून केबलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत, केबल जिथून जाणार त्याच वाटेने फिरवावी, फोर्क ज्या बाजूला वळवल्यावर ती ताणते त्या बाजूला पूर्ण वळवावा, आणि त्या मापात 2 सेंमी वाढवून केबल बनवून घ्यावी. निपल, म्हणजे केबलीच्या टोकाची धातूची गुंडी, नुसता ठोकून घेऊ नये. तारेची टोके निपलमध्ये फुलासारखी पसरवून फ्लक्स लावून डाग दिला तरच तो टिकतो. बुलेटचा क्लच आधीच जड. नवे हँडल लावल्यावर तो आणखी जड झाला अशी तक्रार येते, तेव्हा दोष लिव्हरचा नसतो, केबलीला पडलेल्या तीव्र वळणाचा असतो. वळण सैल केले आणि केबलीत तेल सोडले की फरक पडतो.

बसवताना आधी फोर्कच्या कोन सेटमध्ये (फोर्क ज्यावर वळतो त्या बेअरिंगमध्ये) ढिलाई नाही ना ते पाहावे. ती असेल तर नव्या हँडलवर तिचा दोष येईल. क्लँपचे 8 मिमीचे बोल्ट साधारण 20 न्यूटन-मीटरपर्यंत आवळतात, 6 मिमीचे जेमतेम 10. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. वरच्या टोपीची पुढची-मागची फट सारखी ठेवावी, एका बाजूला पूर्ण आवळून दुसरीकडे फट सोडू नये. अपवाद फक्त पुस्तिकेत तसे सांगितले असेल तर. जुन्या बुलेटचे आटे ब्रिटिश मापाचे असू शकतात. मेट्रिक बोल्ट दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे पाना लावून जोर केला की आटे संपले. ग्रिप चढवताना तेल किंवा ग्रीस वापरू नये, ती पुढे मुठीतच फिरत राहते. रेसच्या मुठीवरची ग्रिप हँडलच्या टोकाला घासता कामा नये. 2 मिमी फट ठेवावी, नाहीतर रेस परत येत नाही.

हादऱ्यांचे एक गमतीदार आहे. जुन्या बुलेटचे 346 सीसी इंजिन म्हणजे एकच मोठे सिलिंडर, त्यामुळे हादरे आलेच. प्रत्येक हँडल कुठल्या तरी वेगाला गुणगुणतेच. नवे हँडल हादरे घालवत नाही, तो वेग बदलते. तो तुमच्या नेहमीच्या वेगावर येऊन बसला तर दोन्ही टोकांना दीड-दोनशे ग्रॅमची वजने घालून तो खाली सरकवता येतो. जाड फोमच्या ग्रिप कोरड्या दिवसांत बऱ्या. पावसात त्या पाणी पितात.

नियमांबद्दल गैरसमज फार आहेत. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच त्यात बसते. चॅसी, बॉडी, इंजिन यांतला मोठा बदल चालत नाही. अशी नोंदणी असलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. 1985 च्या आरएक्स हंड्रेडला त्यासाठी 2035 पर्यंत थांबावे लागेल. क्लँपमध्ये बसणारे, बोल्ट काढून परत बदलता येणारे हँडल त्या तीन गोष्टींत मोडत नाही, पण नोंदणीच्या तपासणीला मूळ हँडल लावूनच जावे. म्हणून जुने हँडल कापू नये, विकूही नये. साबणाने धुवून, तेलाचा हात देऊन, कापडात गुंडाळून, त्याचे बोल्ट पिशवीत घालून त्यालाच बांधून ठेवावे.

रस्त्यावर नेण्याआधी शेवटची तपासणी: गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. हँडल सावकाश डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण. आवाज जराही वाढला तर रेसची केबल तोकडी आहे, आणि वळणावर गाडी स्वतःहून पळेल. क्लच आणि पुढचा ब्रेक दोन्ही टोकांना दाबून त्यांची मोकळीक तीच राहते का पाहावे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर क्लँपचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत.

कळावे,
एक वाचक, पुणे