एकटीला लागतंच किती?

ती. आई-बाबांना,
सा. न.

आई, परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "एकटीला असं लागतंच किती?" मी विषय बदलला, पण ते वाक्य मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले. रागावलेय असं समजू नकोस. खरं काय ते तुम्हा दोघांना माझ्याकडूनच कळावं, एवढंच.

एकटीचा खर्च दोघांच्या निम्मा नसतो गं. मी एकटी म्हणून घराचं भाडं अर्धं होत नाही. इंटरनेटचं बिल तेवढंच, फ्रिजला वीजही जवळजवळ तेवढीच. बाबा, तुम्हाला आकडा लागतो म्हणून सांगते. लहानमोठ्या कुटुंबांचं उत्पन्न ताडून बघायला अर्थतज्ज्ञ एक मोजपट्टी वापरतात: घरातला पहिला प्रौढ १ धरला, तर दुसरा फक्त ०.५. म्हणजे दोघांचं घर दीडात चालतं, माणशी पाऊण. मला मात्र तसंच राहायला पूर्ण १ लागतो, एक तृतीयांश जास्त. मी उधळी नाही, बाबा. हवी तर वही तपासा.

खर्चाचं एक वेळ जमवता येतं. खरी धास्ती आहे ती पगार थांबण्याची. मागच्या वर्षी हात मुरगळलाय म्हणून सांगितलं होतं ना, तेव्हा मनगट मोडलं होतं. ६ आठवडे प्लास्टर. रजा संपली आणि शेवटचे पंधरा दिवस बिनपगारी गेले. डाव्या हाताने वहीत रकाने आखले, रेषा वाकड्यातिकड्या आल्या, आणि जमेच्या बाजूला लिहायला काही नव्हतं. घरात दुसरं कुणी कमावतं असतं तर तिकडून तरी काही आलं असतं. कपडे पिळण्यापासून प्रत्येक कामाला पैसे देऊन माणूस लावावं लागलं. वेणी घालायला कुणी नव्हतं, ते तर मी हिशेबात धरलंच नाही.

तेव्हाच ठरवलं, आधी ६ महिन्यांचा खर्च बाजूला टाकायचा. ३ महिन्यांचा पुरे म्हणतात, पण एकच पगार असला की तेवढ्यावर झोप लागत नाही. आत्ता ४ महिन्यांचा जमलाय. तुम्हाला पाठवते त्यात कपात झाली ती यामुळे. मला विसर पडला असं वाटलं असेल तुम्हाला, आणि तेच मला जास्त लागतंय.

दादाला वाटतं, हिच्यामागे संसार नाही, तर आई-बाबांच्या औषधपाण्याचा मोठा वाटा हिने उचलावा. मी उचलेन, मनापासून. पण तिघाचौघांनी एकत्र बसून, प्रत्येकाची मिळकत बघून ठरवूया.

आणि लग्न केलंस की हे सुटेल, असं कृपा करून म्हणू नका. पगाराला जोड हवी म्हणून मी लग्न करणार नाही. मनासारखं माणूस भेटलं तर पहिल्यांदा तुम्हालाच सांगेन.

सोबत एक कागद ठेवलाय. बँकेची खाती, आरोग्य विमा, पॉलिसीचे नंबर, नॉमिनी म्हणून कुठे कुणाचं नाव आहे, सगळं त्यात आहे. तुमच्या कागदांबरोबर कपाटात ठेवा. हे माहीत असणारं माझ्या घरात दुसरं कुणी नाही. बाबा, तुमचाही असा कागद करायला हवा. पुढच्या खेपेला आले की आपण दोघं बसू.

मनगट आता बरं आहे, आई. वेणी माझी मीच घालते.

तुमची लेक