पाच लशी सुट्या की एकत्र?

संपादक महोदय,
गणपतीला गावी आलेले चाकरमानी आणि इथले पालकही हल्ली विचारतात, ‘पाच औषधं एकदम कशाला, सुटी सुटी द्या ना!’ काळजी खरी आहे, म्हणून हिशेब मांडते.

तान्ह्या बाळांच्या ‘पेंटाव्हॅलंट’ या पाचांच्या एकत्र लशीमध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब कावीळ आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू) यांच्या लशी एकाच अर्धा मिली डोसात असतात. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात मिळून तीन टोचण्या. त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची एकत्र लस), कावीळ आणि हिब वेगळ्या दिल्या तर नऊ. त्या वेगवेगळ्या दिवशी घ्यायच्या म्हटलं की फेऱ्या वाढतात, त्यात पावसाळ्यात होडी बंद पडली किंवा साकव पाण्याखाली गेला की डोस लांबतो. डांग्या खोकला तर तान्ह्यालाच सर्वांत घातक!

टोचल्यावर ताप येतो, डाव्या मांडीवर लाल गाठ येते. ती चोळू नका, हळद-चुना लावू नका. पॅरासिटामॉल वजनानुसार विचारूनच द्या. तीन तासांहून जास्त सलग रडणं, झटका किंवा बाळ निपचित पडणं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

गोवर-रुबेलाची एकत्र लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर उजव्या दंडात देतात, दुसरी १६ ते २४ महिन्यांत. लशीची पूड द्रवात कालवल्यापासून चार तासांत कुपी संपवावी लागते, म्हणून सत्राला वेळेत या.

डोस चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात नको, पुढचा घ्या. लसीकरणाचं कार्ड मात्र मुंबईला विसरू नका.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, गुहागर