भुसावळचा पारा आणि घरी जोडलेला संगणक

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आपल्या दैनिकात जळगाव आणि भुसावळचे कमाल तापमान रोज ठळकपणे छापले जाते. पारा ४४-४५ अंशांवर गेला की आपण सारे आधी तो आकडा वाचतो आणि मग बाकीच्या बातम्या. मात्र घरी जोडलेला संगणक वारंवार बंद पडू लागला, की त्याची दुरुस्ती करणारे आणि आमच्यासारखे तो वापरणारे दोघेही हा आकडा विसरतात किंवा उलट सगळे खापर त्याच्यावरच फोडतात. यंदा मी या दोन्ही चुका केल्या, म्हणून हे पत्र.

मी लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचे संपादन घरूनच करतो. गेल्या दिवाळीत मुलाच्या मदतीने सुटे भाग आणून डेस्कटॉप जोडला. हिवाळाभर त्याने बिनतक्रार काम केले. एप्रिलच्या मध्यापासून, म्हणजे ऐन लग्नसराईत, तो अधूनमधून अचानक बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. कधी तासाभराचे रेंडर (संपादित चित्रफीत अंतिम रूपात तयार होण्याचे काम) संपत आलेले असताना, तर कधी नुसती पत्रिकेची नावे टाइप करीत असताना. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दुकानात नेला, तेव्हा तेथील कारागिराने विंडोजची नोंदवही उघडून त्यात ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दाखवली आणि ‘पॉवर’ हा शब्द वाचून एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बदलायला सांगितले. साडेचार हजार रुपये गेले. दुखणे तसेच राहिले. या नोंदीचा अर्थ एवढाच की संगणक रीतसर बंद न होता बंद झाला. तो का बंद झाला, हे ती नोंद सांगत नाही. वीज गेली तरी तीच नोंद पडते आणि आमच्याकडे वीज किती वेळा जाते, हे वाचकांना सांगायला नको.

यानंतर आम्ही आधी मोजायचे आणि मग खर्च करायचा, असे ठरवले. तापमान दाखवणारी मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. दुपारी खोलीत साधा तापमापक टांगला, तर ४१ अंश. आमचे जुने धाब्याचे घर पाडून बांधलेल्या स्लॅबखालची ही वरची खोली रात्री दहालाही ३८ अंशांखाली येत नाही. रेंडर सुरू करताच चार मिनिटांच्या आत प्रोसेसर, म्हणजे सारी आकडेमोड करणारी मुख्य चिप, १०० अंशांवर गेला आणि त्याचा वेग उतरू लागला. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. पंख्याचे वा पाण्याचे कोणतेही नेहमीचे शीतक प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. ताण तेवढाच असेल, तर खोली आणि प्रोसेसर यांच्या तापमानातले अंतर साधारण तेवढेच राहते. २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ७० अंश दाखवणारा संगणक आमच्या ४१ अंशांच्या खोलीत ८९ दाखवणारच. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते, म्हणजे आपल्याकडे चुकीला जागा फार थोडी उरते.

आमच्याकडे चुका दोन निघाल्या. आमच्या घरापासून कापसाचा जिनिंग कारखाना फार दूर नाही. हंगामात उडणाऱ्या कापसाच्या बारीक तंतूंचा कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर अक्षरशः नमद्यासारखा थर बसला होता. तो काढल्यावर १०० चे ९६ झाले, म्हणजे फारसे काही साधले नाही. मग कॅबिनेटची बाजूची झडप उघडी ठेवून तीच चाचणी केली. अशाने तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर दोष हवा खेळण्यात असतो. फरकच पडला नाही, तर प्रोसेसरवर बसवलेला पंखा आणि प्रोसेसर यांच्या जोडणीत. आमचा फरक एका अंशाचा होता. पंखा काढला, तेव्हा त्याच्या चार पिनांपैकी एक नीट बसलेलीच नव्हती आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता शीतकाकडे नेणारा लेप) एकाच बाजूला पसरली होती, हे दिसले. जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली, चारही पिना कट आवाज होईपर्यंत दाबल्या आणि रेंडरचे तापमान ८४ वर आले. ही चूक आम्हीच दिवाळीत केलेली होती. थंडीत ती झाकली गेली, इतकेच.

येथे दुखणे संपले, असे समजून मी दोन रात्री निर्धास्त झोपलो. तिसऱ्या दिवशी संगणक पुन्हा बंद पडला आणि तोही ५० अंशांवर, रिकामा बसलेला असताना.

माझी खरी चूक ही होती. तापणे आणि बंद पडणे ही दोन वेगळी दुखणी मी एकच धरून चाललो होतो. तापलेला प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतो. तेवढ्यानेही भागले नाही, तरच यंत्र बंद होते. वेग न मंदावता यंत्र एकदम बंद पडत असेल, तर शोध दुसरीकडे घ्यायला हवा. मुलाने पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट-८६ हे रॅम (संगणकाची तात्पुरती स्मृती) तपासणारे सॉफ्टवेअर रात्रभर चालवले. सकाळी पडद्यावर चुकांची रांग होती. रॅमच्या दोन पट्ट्या एकेक करून तपासल्या, तेव्हा एक सदोष निघाली. बायोसमधील (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधील) रॅमच्या वाढीव वेगाची एक्सएमपी सोय बंद करूनही ती चुकतच होती. काठावर चालणारी रॅम उष्णतेत अधिक चुकते, त्यामुळे हिवाळ्यात तिने निभावून नेले असावे. पट्टी वॉरंटीत बदलून मिळाली आणि त्यानंतर यंत्र एकदाही बंद पडलेले नाही. एसएमपीएसचे साडेचार हजार मात्र गेले ते गेलेच.

उष्णता आणि वीज यांपलीकडेही कारण असू शकते. २०२४ मध्ये प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेल कंपनीने आपल्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांतील अस्थिरता जादा व्होल्टेजशी निगडित असल्याचे मान्य केले, बायोसमार्फत दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असे प्रोसेसर असणाऱ्यांनी तरी एखादा भाग बदलण्याआधी बायोस अद्ययावत आहे का, हे पाहावे.

एक उपाय आमच्या भागात सर्रास केला जातो, त्याविषयीही लिहितो. आमच्याकडे कूलर म्हटले की खिडकीतला वाळ्याचा कूलरच डोळ्यांपुढे येतो, आणि संगणक तापतो म्हटल्यावर कोणीतरी तो त्याच्यासमोर आणून ठेवतोच. कोरड्या मे महिन्यात या कूलरने खोली पुष्कळ निवते आणि संगणकालाही त्याचा फायदा होतो, यात शंका नाही. परंतु यंत्र थेट झोतात ठेवू नये. पाण्याचे तुषार आणि बोअरच्या जड पाण्यातले क्षार आत जाऊन मदरबोर्डवर बसतात. धूळ ब्लोअरने अंगणात झाडावी आणि झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, म्हणजे ते भलत्या वेगाने फिरत नाही.

माझी सूचना विक्रेत्यांसाठी आहे. खान्देशात संगणक जोडून देणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या दुकानांनी यंत्र ग्राहकाच्या हाती देण्याआधी अर्धा तास पूर्ण ताण देऊन चालवावे आणि बिलावर दोन आकडे लिहून द्यावेत : प्रोसेसर किती अंशांपर्यंत गेला आणि त्या वेळी दुकानातले तापमान किती होते. याला पैसा लागत नाही. घरी ज्याने स्वतः संगणक जोडला आहे, त्यानेही हेच दोन आकडे कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिठ्ठीवर लिहून चिकटवावेत. आम्ही आमची चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर ४१ आणि ८४ असे लिहिले आहे, आणि पुढच्या वैशाखात ४१ समोर ९२ दिसले, तर एसएमपीएस न बदलता आधी जाळी उघडायची, हे आता घरात सर्वांना ठाऊक आहे.

आपला,
एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)